पिकअपची खातेनिहाय चौकशी

आमच्या ऑफिसात नाना शेळक्यांची पिकअप एकदाही मागून न नेलेला माणूस शोधायला गेलात, तर तो एक तर कालच रुजू झालेला निघायचा, नाही तर थेट साहेब. साहेबांवर मागायची वेळच येत नसे. नाना आपणहून केबिनच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, सोफा आणायचा म्हणत होता नं? रविवारी गाडी रिकामीच हाय." गाडी रिकामी कधीच नसायची. पण नानांच्या तोंडून 'नाही' हा शब्द बाहेर पडलेला मी तरी कधी ऐकला नाही. पंगतीत वाढणारा समोर आला की माणसं ताटावर हात आडवा धरतात. नाना नुसते त्याच्याकडे केविलवाणे बघायचे, आणि तो वाढून पुढे जायचा.

गाडी डिझेलची आणि जुनी. मूळ रंग पांढरा असावा, असं लोक म्हणत. शहराच्या टोकाचं हर्सूल मागे टाकून तासभर गेलं की नानांचं गाव लागतं. तिथं वडिलोपार्जित जमीन, ती कसणारा धाकटा भाऊ बापू, आणि आठवडाभर शहरात, गारखेड्यात राहून रविवारची वाट बघणारे नाना. गाडी घेतली ती या रविवारांसाठी. प्रत्यक्षात तिच्यातून बदली झालेल्यांची कपाटं गेली, मंडळाचे गणपती गेले, कुणाकुणाच्या मुलींची रुखवतं गेली, आणि जागा उरली तर कधी कधी नानाही गावाला गेले.

नानांचं टेबल चौकशीचं. खातेनिहाय चौकशी म्हणजे कर्मचाऱ्यावर आरोप आला की त्याचा खुलासा घ्यायचा, साक्षीपुरावे बघायचे आणि अहवाल द्यायचा. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी हेच केलं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यानं कडवट झाला असता. नाना आरोपीला आधी चहा पाजायचे. त्यांचा एकच नियम होता आणि तो ते शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवायचे, "पुराव्याबिगर कुणाला हात लावायचा नाय." त्यामुळे त्यांच्या हातून फारसा कुणी दोषी ठरला नाही, आणि त्यांना वरची जागाही फार उशिरा मिळाली.

हा नियम त्यांनी गाडीलाही लावला, आणि तिथून पुढची सगळी गंमत सुरू झाली.

गाडीचा रोग साधा होता. दोन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर 'टक्' असा आवाज यायचा आणि पुढे शांतता. बॅटरी उतरलेली. मग नाना गाडीत बसणार आणि गल्लीतले आम्ही चारपाच जण, कुणी टूथब्रश तोंडात धरून, कुणी अंघोळीच्या आधीचे, गाडी ढकलणार. आमच्या चौकात हबीबभाईंचं ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे. हबीबभाई आत्मविश्वासानं भरलेला माणूस. गाडीचं बोनेट उघडायच्या आत त्यांचं निदान तयार असायचं.

"नाना, कायकू परेशान होते? नई बॅटरी डालो, किस्सा खतम."

"बॅटरीचा गुन्हा काय पण?"

"उतरती है ना रोज."

"हबीबभाई, जिच्या घरी चोरी व्हायली, तिलाच आत टाकायचं व्हय? बॅटरी फिर्यादी हाय, आरोपी नाय."

हबीबभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

चौकशीचा पहिला आरोपी होता हॉर्न. त्याच्याविरुद्ध पुरावा असा, की एकदा पावसात तो आपोआप वाजला होता. नानांनी त्याच्या वायरी काढून त्याला निलंबित केलं. मग काही आठवडे नाना जालना रोडवर खिडकीतून डोकं बाहेर काढून, "ओ भाऊ, सरका जरा," असं ओरडत गाडी चालवत होते. लोक इतक्या अदबीची सवय नसल्यामुळे दचकून बाजूला व्हायचे. बॅटरी मात्र उतरतच राहिली. हॉर्न निर्दोष ठरला. नानांनी त्याला पुन्हा जोडलं आणि पहिल्यांदा वाजवताना मला म्हणाले, "बिचाऱ्याला उगंच बसवून ठेवलं, कुलकर्णी. माझ्याच घाईनं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मला हसू आवरत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून मी चपलेत गेलेला खडा काढत बसलो.

दुसऱ्या खेपेला प्रश्न निघाला, की बॅटरीतून वीज जास्त जाते, की तिच्यात मुळात भरतच कमी आहे? इंजिन चालू असताना बॅटरी भरायचं काम अल्टरनेटर करतो. हबीबभाईंनी मीटर लावला, काटा नको तेवढा खाली, आणि ते म्हणाले, "गया. अल्टरनेटर गया. बदल डालो." नानांनी अल्टरनेटरला बाजू मांडायची पुरेपूर संधी दिली. म्हणजे दिवसभर ते गाडीखाली पडून होते. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा त्यांना कळलं होतं, की अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे आणि इंजिनपासून चासीला जाणारी जाड वायर गंजून हिरवी पडली आहे. पट्टा ताणला, वायर घासून लख्ख केली. काटा वर आला. हबीबभाई म्हणाले, "मैं वोईच बोल रा था." नाना म्हणाले, "व्हय, तुम्हीच म्हणला होता." हबीबभाईंनाही ते नाही म्हणू शकत नव्हते.

एवढं करून बॅटरी आधीपेक्षा एक दिवस जास्त टिकायला लागली. रोग निम्मा गेला होता.

उरलेला निम्मा रोग नानांच्या निवृत्तीच्या आड आला. खरं तर सगळ्यांत मोठी अडचण हीच होती. निवृत्तीनंतर गावाकडे जाऊन राहायचं, हे एकच स्वप्न नानांनी नोकरीभर पाहिलं होतं. शेतात त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधत आणलं होतं, पुढे पडवी होती, फरशीसुद्धा बसली होती. पडवीत बसलं की समोर काय काय दिसतं, हे सांगताना जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा तसाच राहायचा. वहिनींना, म्हणजे सुशीलावहिनींना, मध्ये एकदा छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्या गावाला यायला तयार होत्या, पण त्यांनी एक अट घातली होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोरच सांगितली.

"गाडी एका चावीत सुरू झाली पायजे. सबंध श्रावण, रोज. तिथं रिक्षा नाय, काय नाय. मला काय झालं तर तुम्ही ढकलायला माणसं गोळा करत बसणार का?"

नाना मान डोलावत म्हणाले, "बरोबर हाय." मलाही ते बरोबरच वाटलं. निवृत्तीनंतरचा पहिलाच श्रावण ठरला आणि बापूनं गावाकडे वास्तुशांतीची तयारी सुरू केली.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी पूर्णवेळ चौकशी हाती घेतली. पद्धत त्यांनी कुणाकडून तरी शिकून घेतली होती आणि ती फार सुरेख होती. गाडी बंद ठेवायची, बॅटरीची एक वायर सोडायची आणि वायर नि बॅटरी यांच्यामध्ये एक लहान बल्ब धरायचा. गाडीत कुठंच काही चालू नसेल तर बल्ब विझलेला राहतो. तो पेटला, तर कुणीतरी वीज पितंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या वाटेवर चोर.

नानांनी सगळे फ्यूज काढले. बल्ब पेटलेलाच. मग ते बॅटरीपाशी वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. बॅटरीच्या टोकाला इतक्या वायरी वळवळत होत्या, की मूळच्या कोणत्या हे कळेना. फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीवर जोडलेल्या. एक होती आमच्या ऑफिसातल्या, बजाजनगरच्या वाघमारेंची. भावाच्या वरातीला त्यांनी गाडीवर रोषणाई केली होती, आणि माळा काढून नेल्या तरी त्यांना वीज देणारा डबा सीटखाली गुणगुणत होता. एक मंडळाच्या भोंग्याची. एक आमच्या भांडारपालाची, त्यानं सामान हलवताना मोबाइल चार्ज करायची सोय केली होती. एकानं मागे निळा दिवा बसवला होता, तो का, हे त्यालाही पुढे आठवेना. ज्यानं ज्यानं गाडी नेली, त्यानं आपल्यापुरती एक वायर ओढली आणि परत देताना ती तशीच ठेवली.

"हे सगळं तोडा नाना, पाच मिनिटांचं काम आहे," मी पक्कड पुढे केली.

नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना कुणाच्या घराचं छप्पर काढायला सांगितलं होतं. "लोकायनी हौसेनं लावलेलं हाय. त्यायला न विचारता तोडायचं कसं?"

आणि त्यांनी विचारलं. एकेकाला फोन करून. पलंगावर बसून, चष्मा लावून, "नमस्कार, शेळके बोलतो. तुमच्या वायरीचं जरा बोलायचं होतं," अशी सुरुवात. बहुतेकांना गाडीला वायर लावल्याचं आठवत नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षाला आठवत होतं. तो म्हणाला, "राहू द्या की नाना, पुढच्या वर्षी परत लागंल." नानांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी मी फोन हिसकावून घेतला आणि अध्यक्षाला सांगितलं, की वायर उंदरानं कुरतडली. नाना दोन दिवस माझ्याशी जरा तुटक वागले, पण वायर निघाली.

श्रावण लागला. पहिल्या सकाळी नानांनी चावी फिरवली आणि गाडी अशी झटकन सुरू झाली, की आम्ही ढकलायला उभे राहिलेले मागच्या मागे बावळटासारखे दिसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आम्हाला कुणी बोलावलंच नाही. मी दात घासत बाल्कनीतून बघायचो. नाना गल्लीतून एक फेरी मारून यायचे, गाडी लावायचे आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे बघून बोटानं एक अशी खूण करायचे. एका चावीत. वहिनी हसायच्या. नाना त्या दिवसांत गल्लीत येताजाता प्रत्येकाला गावाकडच्या घराचा पत्ता सांगत होते आणि मुक्कामाला बोलावत होते.

मग एका सकाळी 'टक्'.

दुसऱ्या सकाळीही 'टक्'. नानांनी बल्ब लावून बघितला. बल्ब विझलेला! गाडीत कुठंही वीज जात नव्हती आणि बॅटरी रिकामी होती. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. नानांची झोप उडाली. माझ्या घरी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "कुलकर्णी, मला वाटतंय फिर्यादीच खोटं बोलायलीय." बॅटरी काढून हबीबभाईंकडे नेली. तिथं ती भरून फळीवर ठेवली, तर चांगली राहिली, जराही उतरली नाही. हबीबभाईंनी पहिल्यांदाच निदान केलं नाही. ते म्हणाले, "नाना, इसपे किसी का साया है." नानांनी साक्ष नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली, पण साया चौकशीच्या कक्षेत येत नव्हता.

"आपण सकाळीच बघतो रोज," मी सहज म्हणालो. "संध्याकाळी बघू या का?"

नानांचे डोळे चमकले. "व्हय की. कार्यालयीन वेळेतच तपासायलो आपण."

भरलेली बॅटरी परत बसवलेली होतीच. त्याच संध्याकाळी आम्ही बोनेट उघडलं. वहिनी महादेवाच्या देवळात आरतीला गेल्या होत्या. अजून उजेड होता. नानांनी वायर सोडली, बल्ब धरला आणि तो पेटला. चांगला ठसठशीत. नाना हळूच म्हणाले, "सापडला." एकेक फ्यूज काढला. बल्ब विझेना. म्हणजे थेट वायर. आणि थेट वायर आता एकच उरली होती.

ती हौद्यातल्या दिव्याची होती. निवृत्ती जवळ आली तसं लोकांनी गाडी मागणं सोडलं, तेव्हापासून वहिनींनी मागच्या हौद्यात गावाकडचे कांदे पसरून ठेवले होते, वर जाड ताडपत्री. अंधारात कांदे काढायला दिसावं म्हणून त्यांनीच तिथं एक दिवा लावून घेतला होता, बटण मागच्या फळीपाशी. सगळ्यांच्या वायरी काढताना नानांनी ही तेवढी ठेवली होती. घरचीच म्हणून.

नानांनी बॅटरीची वायर परत घट्ट जोडली, बोनेट लावलं आणि मागे जाऊन ताडपत्रीची दोरी सोडली. आत दिवा जळत होता. खाली कांदे. दिव्याच्या जवळच्या कांद्यांना हिरवे कोंब फुटले होते, काही मऊ पडून वास सुटला होता. मला क्षणभर वाटलं, चला, साधी गोष्ट होती, वहिनी बटण बंद करायला विसरल्या. पण नाना कांद्यांकडे बघत होते. वहिनी किडका हरभरासुद्धा निवडून टाकणाऱ्या बाई. कुणाकडे आपला कोणता डबा राहिला आहे, हे त्यांना वर्षानुवर्षं आठवायचं. त्या रोज दोन वेळा इथं येत होत्या. संध्याकाळी दिवा लागत होता, आणि सकाळी नाना उठायच्या आत तो विझत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत कांदे नासत होते.

एवढी वर्षं चौकशी केलेल्या माणसाला यापुढे पुरावा नको होता.

वहिनी देवळातून आल्या. हातात ताट, त्यात प्रसाद. उघडी ताडपत्री बघून जागच्या जागी थांबल्या. मी निघायला लागलो तर त्याच म्हणाल्या, "थांबा भाऊजी. तुम्ही बी ऐका." मग नानांकडे बघून म्हणाल्या, "लोकायच्या तारा होत्या तवर मला काळजी नव्हती. तुम्ही त्या तोडल्या. मग मला दिवा लावावा लागला."

"अगं, पण मला सांगायचं…"

"काय सांगायचं? मला गावाला यायचं नाय, असं? तुम्ही व्हय म्हणला असता. तुम्हाला कुणाला नाय म्हणता येतंय कधी? लगेच व्हय म्हणून मोकळे झाला असता, अन् मग जन्मभर पडवीचं नाव काढून झुरत बसला असता. म्हणलं, गाडीनंच नाय म्हणू द्यावं. तुम्हाला बी राग काढायला कुणीतरी ऱ्हाईल."

त्यांनी ताट गाडीच्या फळीवर ठेवलं. "ते गाव तुमचं हाय. माझं तिथं तरणं वय शेळक्यायची सून म्हणून गेलं. इथं आल्यावर पहिल्यांदा बायकायनी मला सुशीला म्हणून हाक मारली. छातीत दुखतंय ते खरं हाय, पण मला भ्या त्याचं नाय."

मला नानांसाठी फार वाईट वाटलं, आणि वहिनींचा राग काही केल्या येईना. नाना दोन्ही हात फळीवर टेकून उभे होते. मला वाटलं, आता आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस 'नाही' म्हणणार. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बापूच होता. तो रोज या सुमाराला गाडीची तब्येत विचारायचा.

"व्हय बापू," नाना म्हणाले. "नाय रे, काय दाद देईना. सापडलं ना, आज सापडलं. अल्टरनेटर गेलाय." वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. "ह्या मॉडेलचा आता मिळत बी नाय. हबीबभाईनी हात टेकले. वास्तुशांत करून टाक तू. अन् तुम्हीच ऱ्हा तिथं, पोरायला अभ्यासाला जागा व्हईल. आम्ही येऊ की रविवारी, बसनं." पलीकडून बापू बराच वेळ बोलत होता. नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पडवीत दुपारनं ऊन येतंय. तेवढं एक फडकं लाव."

फोन खिशात घालून ते हौद्यात चढले, मांडी घालून बसले आणि कोंब आलेले कांदे एका बाजूला काढायला लागले. थोड्या वेळानं वहिनीही फळीला धरून वर चढायला लागल्या. नानांनी हात दिला. दोघं समोरासमोर बसून कांदे निवडत होते. वहिनींनी एक कांदा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो चालंल." नाना म्हणाले, "नाय. ह्यो नाय चालायचा." वहिनींनी तो मुकाट्यानं टाकून दिला. मी जातो म्हणालो, ते दोघांनाही ऐकू गेलं नसावं. त्या घरातून चहा न घेता परतलो असा तो एकच दिवस.